मागे बसणारा

आमच्या घरात साथीदार हा हुद्दा होता. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, ते पगारापुरतं. साताऱ्याच्या पंचक्रोशीत त्यांची ओळख पखवाजवाले अण्णा हीच. कुठे सप्ताह असो, काकडा असो, कीर्तन असो, निरोप आला की ड्यूटी संपवून, हाताचं ग्रीस रॉकेलच्या बोळ्यानं पुसून, पखवाज खांद्याला अडकवून अण्णा निघायचे. बुवांना पाकीट, शाल आणि श्रीफळ. अण्णांना श्रीफळ. तेही परतताना वाटेतल्या एखाद्या मारुतीपुढे फुटायचं. यावर अण्णांनी कधी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या वाटणीचं आई बोलायची.

लहानपणी माझ्याकडे कणकेचं खातं होतं. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापल्याशिवाय तो खर्जात बोलत नाही. आई परातीतला एक गोळा काढून द्यायची. अण्णा तो पुडीच्या मध्यावर थापायचे, कडा अंगठ्यानं दाबत न्यायचे, एक थाप मारून कान द्यायचे आणि चिमूटभर कणीक काढून माझ्या हातावर ठेवायचे. पुन्हा थाप, पुन्हा चिमूट. कार्यक्रम उरकला की सुकलेली कणीक नखानं सोडवून पुडी ओल्या फडक्यानं पुसायची, नाहीतर रात्रीतून उंदीर कातडं कुरतडणार हे ठरलेलं.

शिकवणं असं अण्णांनी फारसं केलं नाही. एकच गोष्ट ते परत परत सांगायचे. बुवांची सम चुकली, तर आपण आपली सम उचलायची आणि बुवांच्या पायाशी नेऊन ठेवायची. मंडपात कुणाला कळता कामा नये. मी त्यांच्या शेजारी टाळ घेऊन कितीतरी रात्री बसलो. डोळे मात्र बुवांवर. सगळ्या मंडपाचेच असतात. बुवा अभंग सोडवतात, हसवतात, रडवतात. आणि बाजूला बसलेला माणूस तासन्‌तास जे धरून असतो, ते श्वासासारखं चालू असतं म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही.

ते माझ्या ध्यानात आणून दिलं एका अमेरिकन ड्रमरनं. ब्रँट ब्यॉर्क त्याचं नाव, आणि १९९९ साली त्यानं एकट्यानं केलेला 'जालामांता' हा अल्बम. या माणसाचं मी देणं लागतो. देणं कसं झालं ते सांगायचं तर आधी वाऱ्याविषयी बोलावं लागेल.

डिप्लोमा झाल्यावर मला नोकरी लागली ती पवनचक्क्यांवर. सज्जनगडाच्या पुढे, ठोसेघर ओलांडून चाळकेवाडीच्या सड्यावर गेलं की वारा माणसाला बोलू देत नाही. तिथे आणि पलीकडे वनकुसवड्याच्या पठारावर तेव्हा पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी राहत होती. या पात्यांमुळे ढग पळतात, असं खालच्या गावांतली माणसं बोलायची. दुष्काळाच्या वर्षी ते हसण्यावारी नेणं आम्हालाही जड जायचं. तिथे मी गिअरबॉक्स ऐकायला शिकलो. बेअरिंग जायच्या आधी कुरकुरतं, आणि ती कुरकुर वाऱ्याच्या आवाजाखाली ओळखणारा माणूस कंपनीचे बरेच पैसे वाचवतो.

या कानाच्या जोरावर पुढे कॅलिफोर्नियात गेलो. लॉस एंजेलिसहून इंटरस्टेट १० धरून पूर्वेकडे निघालं की सॅन गॉर्गोनियो आणि सॅन हसिंटो हे दोन पहाड समोरासमोर येतात. पलीकडे वाळवंटातली हवा तापून वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडची गार हवा या दोघांमधल्या खिंडीतून घुसते. १९८० च्या दशकापासून तिथे पवनचक्क्या आहेत. मी गेलो तेव्हा जुन्या बुटक्या आणि नव्या उंच अशा दोन-तीन पिढ्या एकाच रानात फिरत होत्या. खिंड उतरली की कोचेला खोरं. पाम स्प्रिंग्ज, पाम डेझर्ट, इंडिओ ही गावं. इंडिओ तर समुद्रसपाटीच्याही खाली. उन्हाळ्यात स्टीअरिंगला हात लावायचा तर आधी फडकं गुंडाळावं लागतं.

टॉवरवर एकट्यानं चढायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम. माझा जोडीदार इंडिओचा, मेक्सिकन घरातला, माझ्याहून थोडा मोठा. त्याचे वडील खजुराच्या बागेत कामाला होते. अमेरिकेत पिकणारा बहुतेक खजूर याच खोऱ्यातला, आणि खजुराच्या झाडाचं सगळं हातानं करावं लागतं. शिडीनं वर चढून नराचा पराग मादीच्या फुलोऱ्यावर झाडायचा, फळ धरलं की घड विरळ करायचे, पुढे घडांना कागदी पिशव्या बांधायच्या, आणि शेवटी तोडणीला पुन्हा वर. बाप झाडावर चढला, मी टॉवरवर, खाली राहून पोट भरणं आमच्या घराण्यात नाही, असं तो म्हणायचा.

त्याच्या ट्रकमध्ये कायम संगीत चालू. शाळेत असताना तो जनरेटर पार्ट्यांना जायचा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात या खोऱ्यातल्या पोरांना वाजवायला जागा नव्हती. गाव निवृत्त श्रीमंतांचं आणि गोल्फवाल्यांचं. गॅरेजमध्ये दोन तारा छेडल्या की पोलिसांना फोन. मग पोरं ट्रकमध्ये पेट्रोलवर चालणारा जनरेटर टाकून डोंगराआडच्या वाळूत जायची. स्टेज नाही, तिकीट नाही. जनरेटर सुरू करायचा, अँप्लिफायर जोडायचे आणि पेट्रोल संपेपर्यंत किंवा पोलीस येईपर्यंत वाजवायचं. जोडीदार हे एखाद्या परलोकीच्या गोष्टीसारखं सांगत होता. मला मात्र ते ऐकून जत्रेतला तमाशाचा फड डोळ्यांपुढे आला. कनातीमागे धडधडणारा जनरेटर आणि त्याच्या धुराचा वास मी लहानपणी पुरेसा घेतलेला होता.

या पार्ट्यांमधला थोरला म्हणजे मारिओ लाली. त्याची मंडळी यॉनिंग मॅन या नावानं १९८६ पासून वाजवत होती, आणि त्यांचा पहिला पूर्ण अल्बम निघाला २००५ मध्ये. इतकी वर्षं कसली वाट पाहिली, असं मी विचारलं तर जोडीदार म्हणाला, ज्यांना ऐकायचं होतं ते वाळूत येऊन ऐकतच होते की.

त्यांना ऐकत मोठी झालेली पोरं म्हणजे कायस. गिटारवर जॉश होमी, गायला जॉन गार्सिया, ड्रम्सवर ब्रँट ब्यॉर्क. होमी गिटारच्या तारा नेहमीपेक्षा बऱ्याच खाली उतरवायचा आणि गिटार चक्क बासच्या अँप्लिफायरमधून वाजवायचा. उघड्या वाळवंटात आवाज परत पाठवायला भिंत नसते. पातळ आवाज वारा घेऊन जातो, जाड आवाज जमिनीला धरून राहतो. हे आमच्या धंद्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १९९२ च्या 'ब्लूज फॉर द रेड सन'नं या संगीताला जगभर कान मिळवून दिले. पुढे लोकांनी त्याला स्टोनर रॉक म्हणायला सुरुवात केली. नावात गांजाचा धूर आहे, आणि तो तिथे नव्हता असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण खुद्द होमीला हे लेबल कधी आवडलं नाही. खोऱ्यातली माणसं डेझर्ट रॉक म्हणतात. मला तेच बरं वाटतं, कारण धूर कुठेही निघतो. ही हवा तिथलीच आहे.

१९९४ मध्ये निघालेल्या 'वेलकम टू स्काय व्हॅली'चं ध्वनिमुद्रण उरकलं आणि ब्यॉर्क कायस सोडून गेला. कायसची 'ग्रीन मशीन', 'गार्डेनिया' ही गाणी या मागे बसणाऱ्यानंच लिहिलेली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पुढे तो फू मांचू या बँडमध्ये ड्रम्स वाजवू लागला. आणि तिथे असतानाच त्यानं हा एकट्याचा अल्बम केला.

तो केला रांचो दे ला लूनामध्ये. जोशुआ ट्री गावाजवळचं ते एक साधं राहतं घर. फ्रेड ड्रेक आणि डेव्ह कॅचिंग यांनी १९९३ मध्ये तिथे स्टुडिओ थाटला. होमीचे डेझर्ट सेशन्स १९९७ पासून तिथेच सुरू झाले, आणि पहिल्या खेपेला ड्रम्सवर ब्यॉर्क होता. आमच्या खिंडीतून ६२ नंबरचा रस्ता चढून वर गेलं की ते गाव येतं. कामासाठी त्या बाजूला कितीदा तरी गेलो. घर कुठलं ते पाहायला मात्र गेलो नाही. कुणाच्या तरी राहत्या घरापुढे गाडी उभी करून टक लावणं मला जमत नाही. फ्रेड ड्रेक २००२ मध्ये कॅन्सरनं गेला, हे जोडीदारानं एकदा तिथून जाताना सांगितलं होतं. तेवढं मी त्या फाट्यावर आठवतो.

अल्बम निघाला मॅन्स रुइनवर. फ्रँक कोझिक हा रॉकच्या पोस्टरांसाठी नावाजलेला चित्रकार. त्यानं सॅन फ्रान्सिस्कोत चालवलेली ही कंपनी २००१ मध्ये बंद पडली, आणि तिच्या तबकड्या हळूहळू मिळेनाशा झाल्या. जोडीदाराकडची सीडी त्या मूळ आवृत्तीतली होती. डबीचं बिजागर तुटलेलं, रबर बँडनं बांधलेली. आतल्या कागदाच्या घड्यांमध्ये बारीक वाळू होती. टेक्सासमधल्या पवनचक्क्यांवर त्याला जास्त पगाराची नोकरी मिळाली, तेव्हा ट्रक रिकामा करताना त्यानं ती माझ्या हातात दिली. टेक्सासात ही वाजणार नाही, असं काहीतरी म्हणाला. तिथेही वाळू आहे, असं मी म्हटलं. ती वाळू वेगळी, म्हणे.

तोवर मी हा अल्बम त्याच्याबरोबर, बोलता बोलता, बर्गर खाता खाता ऐकलेला होता. आता एकट्यानं ऐकू लागलो. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की जी गणितं डोक्यात येतात, सात मात्रांत शिरून अकरात निघायचं वगैरे, त्यातलं इथे काही नाही. इथे एक रिफ, म्हणजे गिटारची छोटी ओळ, धरायची आणि तिला वाढू द्यायचं. 'ऑटोमॅटिक फँटॅस्टिक' सुरू होतं आणि थोड्या वेळानं आपल्याला कळतं, की याला कुठेही पोहोचायचं नाहीये. शब्द थोडे, तेही अर्धवट बोलल्यासारखे. गिटार फार बडबडत नाही. 'लो डेझर्ट पंक'मध्ये जरा चाल वाढते. शेवटचं गाणं 'इंडिओ', जोडीदाराच्या गावाचं. एका गाण्यात मारिओ लाली येऊन जातो, अशी थोडी पाहुणेमंडळी सोडली तर ड्रम्स, बास, गिटार, गळा, सगळं ब्यॉर्कचं.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. जन्मभर ड्रम्सवर बसलेला माणूस स्वतःच्या नावानं तबकडी काढतो. आता तरी ड्रम्स पुढे यायला हवेत की नाही? एकदा तरी हात मोकळे सोडून दाखवावेत, टाळ्या घ्याव्यात. यानं तसं काही केलेलं नाही. चार मात्रांचा साधा ठेका धरलाय आणि धरूनच ठेवलाय. काहींना हा अल्बम आळशी वाटतो, त्यांचं मी समजू शकतो. काही ठिकाणी तो आहेही. मधली दोन-तीन गाणी कापली असती तरी चाललं असतं, हे माझं मत आजही कायम आहे.

अण्णा आणि आई माझ्याकडे आले ते हिवाळ्यात. त्या खोऱ्यात माणसानं यावं तर हिवाळ्यातच. एका रविवारी मी त्यांना खजुराच्या बागा दाखवायला इंडिओला घेऊन निघालो. खजूर घालून केलेला मिल्कशेक ही तिथली खासियत. आईनं आधीच जाहीर केलं होतं, की दुधात खजूर घालायला अमेरिका कशाला लागते. गाडीत सीडी लावली. आईनं मागच्या सीटवरून आवाज कमी करायला सांगितलं. अण्णा पुढे बसले होते, खिडकीकडे तोंड करून. पवनचक्क्या मागे पडल्या तरी ते काही बोलेनात. मग पाहिलं तर त्यांचा उजवा हात मांडीवर चालू होता. बोटं उचलून थाप मारायची आणि तळवा तिथेच ठेवायचा, अशी त्यांची सवय. कारच्या सीटबेल्टमधून ते जमेना, तेव्हा हात डॅशबोर्डवर आला.

"कोण धरतंय रं ठेका?"

मी नाव सांगितलं. नावाशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

"घाई न्हाई गड्याला. डेपोतली गाडी आयडलिंगला लावावी तसं लावलंय. ना दाबतोय, ना बंद पडू देतोय." थोडं थांबून म्हणाले, "आन्‌ गाण्याच्या मागं रेलून बसलाय. पुढं सरकतच न्हाई. हे अवघड असतंय."

मी म्हटलं, "अण्णा, गिटारही तोच वाजवतोय."

"म्हंजी?"

"आणि ते खालचं जाड तारांचं, तेही. गातोयही तोच. आधी एक वाजवायचं, ते टेपवर घ्यायचं, मग कानात ते ऐकत त्याच्यावर दुसरं वाजवायचं."

अण्णा गप्प झाले. आईनं मागून विचारलं, की मग बाकीची माणसं कुठे गेली होती. त्यांचं भांडण झालं असणार, असा तिचा निष्कर्ष. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, मग अण्णा म्हणाले, "मग ह्याला दाद कोण देतंय?"

"कुणी नाही. खोलीत हा एकटाच. फार तर काचेपलीकडे मशीनवाला."

"आन्‌ सम चुकली तर?"

"चुकत नसेल."

"चुकती की. माणूस हाय. पर ती उचलून न्यायची कुणाच्या पायाशी?"

मी गाडी चालवत होतो, हे बरं झालं. उत्तर द्यायला उशीर लागला तरी चालतो. इंडिओ आलं. आईनं अख्खा मिल्कशेक संपवला आणि गोड जास्त आहे म्हणाली. अण्णांनी बागेत एका झाडाला हात लावून वर पाहिलं आणि शिडी कुठे टेकवतात ते विचारलं. संगीताचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या रात्री हेडफोन लावून मी अल्बम पहिल्यापासून घेतला आणि फक्त ड्रम्स ऐकत गेलो. असं पूर्वी कधी केलं नव्हतं. एकट्यानं थर चढवायचे तर बहुधा ड्रम्सपासून सुरुवात होते, कारण बाकीच्यांना उभं राहायला जमीन तीच. म्हणजे हा माणूस ड्रम्सवर बसला असेल तेव्हा बास वाजत नव्हता, गिटार नव्हती, गळा नव्हता. गाणं होतं फक्त त्याच्या डोक्यात. आणि तरी ठेक्यात जागा सोडलेल्या आहेत. इथे झांज वाजवायची नाही, कारण इथे पुढे बास येणार आहे. इथे हात हलका करायचा, कारण इथे आवाज लागणार आहे. अजून न आलेल्या माणसासाठी तो सरकून बसलाय. तो माणूस पुढे तोच असणार आहे ही गोष्ट वेगळी. सरकून बसायची सवय काही सुटलेली नाही.

आणि मग मला सप्ताहातले अण्णा ऐकू आले. दिसले म्हणत नाही, दिसायचे तर ते नेहमीच. बुवा अभंगाचा एक चरण चार वेळा घोळवत असताना त्या चारही वेळा पखवाज निराळा वाजत होता, हे मला तिथे, साताऱ्यापासून एवढ्या लांब, कळलं. पहिल्या खेपेला भरीव, दुसऱ्या खेपेला डावा हात जवळजवळ बंद, तिसऱ्यांदा बुवा दम घेतात तिथे एक थाप कमी. बुवा भावुक झाले की ठेका जड व्हायचा. बुवा विनोदाकडे वळले की तो आधीच हलका झालेला असायचा. म्हणजे विनोद येणार हे अण्णांना आधी कळायचं. हे सगळं माझ्या कानात होतंच, टाळ धरून शेजारी बसलो होतो तेव्हापासूनचं. ऐकायला कुणीतरी कडी काढून द्यावी लागली.

ब्यॉर्कचं देणं म्हणतो ते हे. त्याचं इतर संगीत मी ऐकलं. काही आवडलं, काही नाही, आणि त्याची वारी करत हिंडणारा चाहता मी झालो नाही. 'जालामांता' निघाला त्याच १९९९ साली इंडिओच्या पोलो मैदानावर कोचेला महोत्सव सुरू झाला. आता त्या दिवसांत खोऱ्यात खोली मिळत नाही आणि रस्त्यावर गाडी हलत नाही. जोडीदाराला त्याचा मनापासून राग. मला नाही. वाळूत जनरेटर घेऊन जाणाऱ्यांची सोय मैदानावर होत नाही आणि मैदानावर जाणाऱ्यांनी वाळूत यावं असा आग्रहही धरता येत नाही. आपल्याकडे सप्ताहाचा मंडप आणि शहरातला संगीत महोत्सव यांच्यात तेवढंच अंतर आहे.

पुढे एका इटालियन कंपनीनं 'जालामांता' पुन्हा काढला. मी दोन प्रती मागवल्या, एक टेक्सासला पाठवली. जोडीदाराचा निरोप आला, की वाळूशिवाय आवाज जरा स्वच्छच येतो, आवडला नाही.

अण्णांच्या गुडघ्यांनी मांडी घालायचं सोडलं तसे सप्ताह सुटले. निरोप यायचे, अण्णा एखाद्या तरुण पोराचं नाव सुचवायचे. पखवाज खोळ घालून कपाटावर गेला. मी सुट्टीत घरी आलो होतो, माझ्याकडे लॅपटॉप होता आणि एक बऱ्यापैकी माइक. खुर्चीत बसून, पखवाज समोर स्टुलावर आडवा ठेवून वाजवता येईल का, असं विचारलं. अण्णांनी आधी वाजवून पाहिलं आणि मग विचारलं, "पर गाणार कोण?"

"तुम्हीच."

"मी काय बुवा हाय का?"

"त्या इंडिओच्या रस्त्यावरच्या ड्रमरनं केलं तसं करू."

कारमधला ड्रमर त्यांच्या चांगला ध्यानात होता. मग वाद आधी पखवाज की आधी गाणं यावर झाला. गाणं आधी घेतलं तर वाजवणं सोपं, साथच करायची. पण लय धरल्याशिवाय गायचं कशाच्या आधारावर? शेवटी त्यानं केलं तसंच, असं ठरलं. अण्णांनी डोळे मिटून भजनी ठेका धरला आणि अख्खा अभंग मनातल्या मनात म्हणत वाजवत गेले. ओठ हलत होते. आई दारात उभी राहून पाहत होती, कुकरची शिटी झाली तर काय करायचं या काळजीत. मग मी त्यांना हेडफोन घातला आणि माइक तोंडासमोर आणला. अण्णांना मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण अभंग गाताना ऐकलं. आवाज घोगरा, तारसप्तकाच्या वाटेला न जाणारा, पण शब्द एकेक सुटा. त्यावर त्यांनी टाळही घेतले. टाळ वाजवताना ते पहिल्यांदा हसले.

सगळं एकत्र करून ऐकवलं. अण्णांनी मान खाली घालून, हेडफोन दोन्ही हातांनी दाबून शेवटपर्यंत ऐकलं.

"गाणारा ठीक हाय," म्हणाले. "शिकलेला न्हाई, पर भाव हाय. पखवाजवाल्याचं काय खरं न्हाई. गाणारा दम घेतोय तिथं ह्याची थाप येतीय. बुवांकडं बघत न्हाई का हा?"

"अण्णा, तेव्हा बुवा नव्हतेच."

"नसंनात. यायचे हुते न्हवं? परत लाव. पखवाज परत घेऊ."

पुन्हा सगळी मांडामांड केली. पुढच्या खेपेला पखवाज त्यांच्या मनासारखा लागला, तर गाणारा घाई करतोय अशी तक्रार सुरू झाली, आणि चार वाजता आईनं चहाबरोबर दोघांनाही, म्हणजे बुवांना आणि पखवाजवाल्यांना, आता जेवणार आहात की नाही ते एकदा ठरवा म्हणून सांगितलं.